पेस्टम बघताना वेलियाला जाण्यात अर्थ आहे का, आणि तिथला समुद्र मागे का गेला?

वेलियाला जाच. दोन्ही दक्षिण इटलीतल्या प्राचीन ग्रीक गावांचे अवशेष. पेस्टमची देवळं भव्य आहेत, पण ती फोटोतही कळतात. वेलिया चालल्याशिवाय कळत नाही.

मी 28 वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. अनंत श्रेणी आली की दरवर्षी फळ्यावर अकिलीस आणि कासव काढायचो: वेगवान अकिलीस पुढे निघालेल्या कासवाला कधीच गाठू शकत नाही, असं ते कोडं. ते घालणारा ग्रीक तत्त्वज्ञ झेनो वेलियाचाच, त्याचा गुरू पार्मेनिडीसही इथलाच. तेव्हा गावाचं नाव एलेआ. निवृत्तीनंतर इटलीला गेलो, तर हॉटेलातच मेहुणा म्हणाला, “दाजी, समुद्रच सोडून गेलेल्या बंदरात काय बघायचंय? दगड?” बाकीचेही त्याच्याच बाजूने. मी एकटाच रेल्वेने वेलियाजवळच्या अशेआ स्टेशनवर उतरलो आणि चालत निघालो.

टेकडीच्या माथ्यावर मध्ययुगीन बुरूज आहे, जुन्या देवळाच्या पायावर उभा केलेला. तिथून सगळं उलगडतं. ही टेकडी म्हणजे तेव्हा समुद्रात शिरलेलं टोक, दोन्ही अंगांना बंदर. अलेंतो नदीने आणि ओढ्यांनी शतकानुशतकं गाळ आणला, खाड्या बुजल्या. समुद्र मागे गेला नाही, जमीन पुढे आली.

आणि माणसं कोण? आजच्या तुर्कस्तानातल्या फोकाइआचे ग्रीक. इराणी फौजेने वेढा घातला तेव्हा बायकामुलं आणि देवांच्या मूर्ती घेऊन ते जहाजांवर चढले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, त्यांनी लोखंडाचा गोळा समुद्रात टाकून शपथ घेतली की हा वर येईपर्यंत परतायचं नाही. निम्म्याहून जास्त जणांना घर आठवलं, ते शपथ मोडून परतले. उरलेल्यांनी कॉर्सिका बेट गाठलं, तिथे आरमारी लढाईत 60 पैकी 40 जहाजं गमावली, आणि अखेर इ.स.पू. 540 च्या सुमारास इथे गाव वसवलं. जमीन निकस, म्हणून प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोच्या म्हणण्याप्रमाणे ही मंडळी मासे खारवून जगली. अशा गावात पार्मेनिडीस जन्मला, आणि याला दगड म्हणायचं?

खिंडीतली पोर्ता रोझा ही कमान बघा. इ.स.पू. चौथ्या शतकातली. मातीखाली गाडली गेली म्हणूनच शाबूत राहिली, 1964 मध्ये सापडली.

एका दिवसात दोन्ही होतं, पण पेस्टमचं संग्रहालय घाईत उरकावं लागेल. उन्हाळ्यात सावली जवळजवळ नाही. काही वाटा अधूनमधून बंद असतात, आधी चौकशी करा. बरोबरचा कुरकुरत असेल तर त्याला पेस्टमलाच सोडा. मेहुण्याला मी आजही सांगतो, त्या बुरुजावरून समुद्र दिसतो.