उत्खननात मिळालेल्या डुकराच्या दाताची झीज पाहून ते पाळीव होतं की रानटी, हे कळतं का?

नुसत्या झिजेवरून नाही कळत; तिच्यावरून कळतो तो आहार, आणि तोही मरणाआधीच्या काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा, कारण नवं घर्षण जुने ओरखडे पुसत जातं. पण आहारावरून राहणीचा अंदाज येतो. मोकळं डुक्कर मुस्काटाने जमीन उकरून कंद, मुळं, गांडुळं खातं, सोबत माती-रेतीही चावली जाते आणि दाढेच्या इनॅमलवर (दाताच्या वरच्या कडक थरावर) खळगे नि ओरखडे उठतात. कोंडून मऊ खाद्यावर पोसलेल्याची दाढ त्यामानाने गुळगुळीत राहते.

तपासायची पद्धत अशी: दाढ अ‍ॅसिटोनने, अगदी मऊ कापसाने पुसायची, सिलिकॉनचा ठसा घ्यायचा (पहिला फेकून द्यायचा, तो उरलेला मळ उचलतो), त्यात इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) ओतून प्रतिकृती करायची आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली (पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) मिलिमीटरच्या पाव भागाहून लहान तुकडा मोजायचा. घोळ बहुतेक वेळा याच्या आधीच झालेला असतो: कुणी कडक ब्रशने दात घासलेला, किंवा पुरलेल्या अवस्थेत वाळूने खरवडलेला. असे दात सरळ बाजूला काढावेत.

एक अडचण मात्र राहतेच. गावात मोकाट हिंडणारं पाळीव डुक्करही उकरूनच खातं, त्याची दाढ रानडुकरासारखीच दिसते. म्हणून सोबत दाढांची लांबी मोजतात; पाळीव डुकराच्या दाढा सहसा रानडुकरापेक्षा लहान असतात. तुर्कस्तानातल्या चायोन्यू या उत्खननस्थळी वरच्या, म्हणजे नंतरच्या काळातल्या थरांकडे येताना दात हळूहळू लहान होत गेलेले दिसतात.