समीकरणाला २ ने गुणलं, मग ई-नॉटला का नाही?

तुमची अडचण अशी आहे: कॉपर-सिल्व्हर सेलच्या गणितात इलेक्ट्रॉन जुळावेत म्हणून सिल्व्हरच्या अर्ध्या समीकरणाला (फक्त इलेक्ट्रॉन घेण्याची किंवा सोडण्याची बाजू दाखवणाऱ्या) २ ने गुणतात, पण त्याचं ई-नॉट, म्हणजे प्रमाण परिस्थितीतलं इलेक्ट्रोडचं विभव, ०.८० व्होल्ट तसंच ठेवतात. उलट फेरिक आयनापासून लोखंडापर्यंतचं ई-नॉट काढताना तेच आकडे इलेक्ट्रॉनच्या संख्येने गुणलेले दिसतात. मग खरं काय?

मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो आणि ही शंका दरवर्षी सिल्व्हर आलं की येते. डॅनिएल सेलवर (जॉन फ्रेडरिक डॅनिएलचा, १८३६ सालचा) कुणीच हे विचारत नाही, कारण झिंकही दोन इलेक्ट्रॉन सोडतं आणि कॉपरही दोनच घेतं. गुणायची वेळच येत नाही. ०.३४ मधून उणे ०.७६ वजा केले, १.१० व्होल्ट आले, विषय संपला.

एक व्होल्ट म्हणजे एका कूलॉममागे एक ज्यूल. व्होल्ट हा भाव आहे, बिल नाही. दोन किलो कांदे घेतले म्हणून कांद्याचा किलोचा भाव दुप्पट होत नाही, बिल दुप्पट होतं. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा आणि टॉर्चमधला जाडा सेलही १.५ व्होल्टचाच. जाड्या सेलमध्ये माल जास्त, म्हणून तो जास्त दिवस चालतो, एवढंच. बिलाच्या जागी इथे डेल्टा जी, म्हणजे अभिक्रियेत मुक्त ऊर्जेत होणारा बदल, आहे: डेल्टा जी = उणे एन × एफ × ई. एन म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या, एफ म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांवरचा भार (सुमारे ९६५०० कूलॉम) आणि ई म्हणजे व्होल्ट. समीकरणाला २ ने गुणलं की डेल्टा जी दुप्पट आणि एनही दुप्पट. भागाकारात दोन्ही २ उडतात आणि ई जागच्या जागी राहतो.

आकडे घालून बघा. कॉपर ०.३४, सिल्व्हर ०.८०, म्हणून सेल ०.४६ व्होल्टचा. दोन सिल्व्हर आयन धरून समीकरण लिहिलं तर एन = २ आणि डेल्टा जी = उणे २ × ९६५०० × ०.४६, म्हणजे सुमारे उणे ८८.८ किलोज्यूल. एकच सिल्व्हर आयन आणि अर्धं कॉपर असं लिहिलं तर एन = १ आणि डेल्टा जी उणे ४४.४. दोन्हीकडून मागे आलात तर ०.४६ च मिळतात. चुकून सिल्व्हरचे १.६० धरले तर उत्तर १.२६ येईल, आणि तेवढं व्होल्टमीटर कधीच दाखवणार नाही. सिल्व्हर नायट्रेट महाग, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये हा सेल सहसा जोडत नाहीत. कधी जोडलात तर सॉल्ट ब्रिजमध्ये (दोन्ही द्रावणं जोडणाऱ्या क्षाराच्या नळीत) पोटॅशियम क्लोराइड घालू नका, सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसेल. पोटॅशियम नायट्रेट घ्या.

आता लोखंड. फेरिक (३+) ते फेरस (२+) ०.७७ व्होल्ट, एक इलेक्ट्रॉन. फेरस ते लोखंड उणे ०.४४, दोन इलेक्ट्रॉन. फेरिक ते थेट लोखंड किती? नुसती बेरीज केली तर ०.३३ येतात, आणि एमसीक्यूमध्ये हा आकडा पर्याय म्हणून हमखास ठेवलेला असतो. तो चूक आहे. एक किलो एका भावाने आणि दोन किलो दुसऱ्या भावाने घेतले तर सरासरी भावासाठी आधी दोन्ही बिलं मिळवावी लागतात. तसंच इथे: १ × ०.७७ अधिक २ × (उणे ०.४४) = उणे ०.११. याला ३ ने भागा, सुमारे उणे ०.०४ व्होल्ट. चिन्हच बदललं, बघा!

म्हणजे मिळवायचा असतो तो नेहमी डेल्टा जी. मग सेलच्या गणितात सरळ वजाबाकी कशी चालते? पूर्ण सेलमध्ये ॲनोडने सोडलेले सगळे इलेक्ट्रॉन कॅथोड घेतो. दोन्हीकडे एन एकच, म्हणून तो कटतो आणि कॅथोड वजा ॲनोड एवढंच उरतं (दोन्ही आकडे रिडक्शनचेच, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याचेच, ठेवून, चिन्ह उलटवून परत वजा करू नका). लोखंडाच्या गणितात दोन अर्धी समीकरणं मिळवल्यावरही तीन इलेक्ट्रॉन समीकरणात शिल्लक राहतात. एक, दोन आणि तीन, तिन्ही एन वेगळे, काहीच कटत नाही. त्यामुळे गणित सुरू करण्याआधी अंतिम समीकरणात इलेक्ट्रॉन उरलेत का, तेवढं पाहा. उरले नसतील तर वजाबाकी, उरले असतील तर एन ने गुणून बेरीज आणि मग भागाकार.

तांब्यावर दोन्ही प्रकार एकाच जोडीत करता येतात. क्युप्रिक (२+) ते क्युप्रस (१+) ०.१५ आणि क्युप्रस ते तांबं ०.५२, दोन्हींत एकेक इलेक्ट्रॉन. क्युप्रिक ते तांबं हवं असेल तर इलेक्ट्रॉन उरतात, म्हणून बेरीज करून २ ने भागा: ०.६७ भागिले २, सुमारे ०.३४, तुमच्या तक्त्यातलाच आकडा. आता दोन क्युप्रस आयन एकमेकांशी भिडले, एक तांबं झाला आणि दुसरा क्युप्रिक, तर इलेक्ट्रॉन उरत नाहीत: ०.५२ वजा ०.१५ = ०.३७. हे धन आहे, म्हणून साध्या क्युप्रस आयनाचं पाण्यातलं द्रावण टिकत नाही. त्याचं तांबं आणि क्युप्रिक आयन होतात.

अजून खात्री हवी असेल तर नर्न्स्टचं समीकरण घ्या, द्रावणांची संहती बदलली की व्होल्ट किती बदलतो ते सांगणारं. अभिक्रियेला २ ने गुणलं की क्यू चा (उत्पादितं आणि अभिकारकं यांच्या संहतींच्या गुणोत्तराचा) वर्ग होतो, म्हणजे लॉग दुप्पट, आणि खाली छेदात एनही दुप्पट. ०.०५९२ भागिले एन गुणिले लॉग क्यू हे पद जसंच्या तसं राहतं.