पाय ताणून दिल्याने तोल येत नाही

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची असून तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे) आहे. ती आधाराशिवाय चालते. परंतु टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांवर घासतात आणि शाळेच्या मैदानावर ती रोज दोन-तीनदा पडते. आठवड्यातून दोनदा थेरपीला नेते, तिथे मुख्यतः पाय ताणून देतात. घरी मी तेल लावून मालिश करते. ताकदीच्या व्यायामांनी पाय आणखी कडक होतील, असे आम्हाला सांगण्यात आले. नेमके काय करावे?
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताकदीच्या व्यायामांची भीती प्रथम मनातून काढून टाकावी. पूर्वी ही समजूत फिजिओथेरपिस्टांमध्येही होती, परंतु नंतरच्या अभ्यासांत तिला आधार मिळाला नाही. मुलीच्या पायांत ताठरपणा आहे तो मेंदूला झालेल्या इजेमुळे. मात्र तेच स्नायू दुबळेही असतात, आणि चालताना गुडघा वाकणे किंवा कंबर एका बाजूला झुकणे यामागे बहुधा हा दुबळेपणा असतो. मालिश खुशाल चालू ठेवा, त्यात मुलीला माया मिळते. पण आडवे झोपवून दुसऱ्याने पाय हलवल्याने चालणे सुधारत नाही. जे शिकायचे ते मुलीने स्वतः, उभे राहून, पुन्हा पुन्हा करायला हवे.

घरी सुरुवात करायला सर्वांत सोपा व्यायाम म्हणजे स्टुलावरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. तळपाय पूर्ण टेकतील अशा उंचीचा स्टूल घ्यावा (जेवणाचा पाट यासाठी फार ठेंगणा). सलग दहा वेळा सहज जमू लागले, की पाठीवरच्या दप्तरात किलोभर तांदळाची पिशवी ठेवून भार वाढवावा. त्याच्या जोडीला पायरीवर समोरून आणि बाजूने चढणे-उतरणे घ्यावे. हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, निदान दोन-तीन महिने केल्याशिवाय परिणामाचा अंदाज येत नाही. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून थेरपिस्ट बदलणारे पालक मी बरेच पाहिले आहेत.

तोलाचा सराव मुलीला जिथे अडचण येते त्याच कामातून करावा. ती मैदानावर पडते, तर थांबणे, वळणे, खाली वाकून चेंडू उचलणे आणि धक्का लागल्यावर एक पाऊल टाकून सावरणे, हे शिकवावे लागेल. गोल्फ क्लब मैदानावर गर्दी नसलेल्या वेळी सपाट जागेवर चालण्याचा वेग आणि अंतर हळूहळू वाढवता येईल. पुढे गवत आणि उतार घ्यावा. गोदाघाटाच्या निसरड्या पायऱ्या मात्र सरावासाठी नकोत. थेरपी केंद्रात ट्रेडमिल असेल तर उपयोग आहे, नसेल तर त्यासाठी वणवण करण्याचे कारण नाही.

टाचा न टेकण्यामागे पोटरीचा स्नायू आखडून आखूड झाला आहे की केवळ ताठ आहे, हे तपासूनच ठरते. त्यानुसार घोट्याचा स्प्लिंट (घोटा योग्य स्थितीत धरणारा आधार), ताठ स्नायू काही काळ सैल करणारे बोटुलिनम इंजेक्शन किंवा काही काळ प्लास्टर सुचवले जाते. इंजेक्शननंतरच्या काही महिन्यांतच व्यायाम वाढवायचे असतात. नुसते इंजेक्शन देऊन घरी बसवल्यास खर्च वाया जातो.

किती सुधारणा होईल, याविषयी मोघम आश्वासन घेऊ नका. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात अशा मुलांच्या हालचालींचे पाच स्तर केले आहेत. आपल्या मुलीचा स्तर थेरपिस्टांना विचारा आणि त्यावरून तीन महिन्यांचे एकच ठोस उद्दिष्ट ठरवा, उदाहरणार्थ, शाळेचा जिना एका हाताने कठडा धरून उतरणे.

पडणे अचानक वाढले, मांडी फाकवताना दुखू लागले किंवा उंची झपाट्याने वाढत असताना गुडघे अधिक वाकू लागले, तर व्यायाम वाढवण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून खुब्याचा एक्स-रे काढून घ्यावा.