ट्रायल संपली, फाइली कुठे आहेत?

प्रश्न थोडक्यात असा. मानसशास्त्रीय चाचण्या करणाऱ्या एका छोट्या केंद्राने रेकॉर्ड ठेवण्यासाठी दोन सॉफ्टवेअरची मोफत ट्रायल घेतली. पहिल्यात चार वर्षांच्या चाचण्यांची सगळी माहिती चढवली. ती ट्रायल संपून अकरा दिवस झाले. आता दुसरं अधिक आवडलं आहे. केंद्राच्या संचालिका विचारतात, 'कायद्याच्या दृष्टीने दोन्हींपैकी सुरक्षित कोणतं?' याच वळणाची पत्रं मला सतत येतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

मॅडम, एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात ठेवणं), बॅकअप, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, कोणी कधी फाइल उघडली याची नोंद, हे सगळं दोन्हीकडे असायलाच हवं. त्यावर मी शब्द खर्च करत नाही. तुम्ही पहिल्या कंपनीचा करार सोबत जोडला आहे, पण त्यातलं सतरावं कलम वाचलेलं दिसत नाही. सेवा संपल्यावर ग्राहकाचा डेटा तीस दिवस उपलब्ध राहील आणि नंतर कायमचा पुसला जाईल, असं ते कलम सांगतं. ट्रायल संपली की सेवा संपली, हे व्याख्यांच्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे अकरा दिवस गेले, एकोणीस उरले. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं हा प्रश्न एकोणीस दिवसांनंतरही विचारता येईल. फाइली मात्र तेव्हा नसतील. म्हणूनच हे उत्तर तुम्हाला आजच ईमेलनेही पाठवलं आहे.

ट्रायल ही काल्पनिक क्लायंट घालून करायची असते. तुम्ही खऱ्या माणसांचे, त्यातही लहान मुलांचे, बुद्धिमापन आणि व्यक्तिमत्त्व चाचण्यांचे निकाल 'मान्य आहे' या एका बटणावर तिसऱ्याच्या हाती दिले. त्यांची संमती घेतली होती का, याबद्दल पत्रात अक्षर नाही. हे मला खटकलं आणि ते सांगणं माझं काम आहे.

आता डेटा बाहेर काढताना काय काढायचं, ते नीट समजून घ्या. 'एक्सपोर्ट'चं बटण दाबलं की बहुतेक वेळा अंतिम रिपोर्टची पीडीएफ मिळते. चाचणी करणाऱ्यासाठी ते रेकॉर्डचं वरचं सालपट आहे. गाभा म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दिलेलं उत्तर, रॉ स्कोअर (उत्तरांचे मूळ गुण), त्यावरून काढलेले प्रमाणित गुण, चाचणीची आवृत्ती, कोणते नॉर्म (गुण ज्यांच्याशी ताडायचे ते मानदंड) वापरले ते, जन्मतारीख आणि चाचणीची तारीख, आणि चाचणी चालू असताना तुम्ही टिपलेलं वागणं. यातली उत्तरं, गुण आणि वागण्याच्या नोंदी यांनाच अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची (तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची) नीतिसंहिता 'टेस्ट डेटा' म्हणते. प्रश्नपुस्तिका, मॅन्युअल हे साहित्य तिने वेगळं ठेवलं आहे, पण क्लायंटची उत्तरं ज्या पानावर आहेत ते पान डेटात मोडतं.

हे किती काळ ठेवावं लागेल? त्याच असोसिएशनची २००७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दुसरा कडक नियम नसेल तर संपूर्ण रेकॉर्ड शेवटच्या सेवेपासून ७ वर्षं, किंवा क्लायंट अल्पवयीन असेल तर तो सज्ञान झाल्यापुढे ३ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर ठेवा. सहा वर्षांच्या मुलाची चाचणी आज केली आणि सज्ञान होण्याचं वय १८ धरलं, तर ती फाइल तो २१ वर्षांचा होईपर्यंत हवी. पंधरा वर्षं! आणि तुमच्या करारात तीस दिवस आहेत. तुमच्याकडे लागू असलेली मुदत वेगळी असू शकते. ती स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या. पण तीस दिवस ती कुठेच नसेल.

मुलाच्या ताब्याचा वाद असो वा अपघाताच्या भरपाईचा, चाचणी आज होते आणि साक्षीला बोलावणं कित्येक वर्षांनी येतं. न्यायालयांच्या या संथपणाचा मला मनापासून राग येतो, पण त्याचा हिशेब धरूनच तुम्हाला रेकॉर्ड ठेवावं लागेल. उलटतपासणीत समोरचा वकील रिपोर्ट वाचत बसत नाही. तो विचारतो, 'हा गुण कुठून आला, दाखवा.' तेव्हा 'ते जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होतं' हे उत्तर तुमचा संपूर्ण अहवाल संशयास्पद करतं. त्यात नुकसान त्या मुलाचं होतं.

मग दुसऱ्या कंपनीबरोबर सही करण्याआधी एकच परीक्षा घ्या. एक काल्पनिक क्लायंट तयार करा, सगळ्या नोंदी भरा, पूर्ण एक्सपोर्ट मागा आणि ते सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर उघडा. प्रश्नवार उत्तरं तक्त्यात दिसली तर पुढे बोला. करारात लिहून घ्या की सेवा कोणत्याही कारणाने संपली, पैसे थकले तरीसुद्धा, सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, त्यासाठी किमान नव्वद दिवस मिळतील आणि तुमच्या लेखी होकाराशिवाय काहीही पुसलं जाणार नाही. हे मागणं अवाजवी नाही. युरोपच्या २०१८पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमांचं अठ्ठाविसावं कलम सेवा संपल्यावर डेटा परत करायचा की पुसायचा, हे ठरवण्याचा हक्क तुमच्यासारख्या ग्राहकाला देतं. भारताचा २०२३चा वैयक्तिक डेटा कायदा, जो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, तर असं म्हणतो की प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच, करारात काहीही लिहिलेलं असो. म्हणजे कंपनीकडे बोट दाखवून तुमची सुटका होणार नाही.

बाकीच्या प्रश्नांवर मी ठाम बोलत नाही. सर्व्हर परदेशात चालेल का, हे तुमच्यावर कोणता कायदा लागू आहे त्यावर ठरेल. उत्तरपत्रिका स्कॅन करून ठेवता येतील का, हे चाचणीच्या प्रकाशकाच्या परवान्यात पाहा. क्लायंटला पोर्टलवरून फाइल देण्याची सोय असेल, तर ती आपोआप सुरू होणारी नसावी. प्रश्नांसकट पान बाहेर गेलं तर ती चाचणी पुढच्यांसाठी निकामी होऊ शकते.

'कागदांचं ओझं कमी करतो आहोत' असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. मूळ रेकॉर्ड फॉर्म (चाचणीवेळी भरलेले कागद) नष्ट करायला दिले असतील तर ते आजच थांबवा. पहिल्या कंपनीला आजच ईमेल करा, फोन नको. संपूर्ण डेटा प्रश्नवार उत्तरांसह मागा आणि तो हाती येईपर्यंत काहीही पुसू नये असं लिहा. आलेल्या फाइली उघडून, दहा-बारा क्लायंट कागदाशी ताडून पाहा. त्यानंतरच त्यांच्याकडची प्रत पुसायला सांगा आणि पुसल्याचं लेखी पत्र घ्या. हा क्रम उलटा करू नका. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर मला कळवा. नोटीस पाठवायची असेल तर तीही त्या एकोणीस दिवसांच्या आतच जायला हवी.