डीएनएचा पीळ न उलगडता रिप्रेसरला आपली जागा कशी सापडते?

तुमचा प्रश्न असा आहे: डीएनएची अक्षरं दोन पेडांच्या आत जोडीजोडीने बंद असतात, मग विषाणूचा रिप्रेसर, म्हणजे जनुक बंद ठेवणारं प्रथिन, पीळ न उलगडता ती वाचतो कशी? आणि तो नुसता जाऊन बसला की जनुक बंद कसं पडतं?

मी पुण्यात बीएस्सीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ‘रिप्रेसर ऑपरेटरला (डीएनएवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेला) चिकटतो’ एवढं पाठ करून मुलं पुढे जातात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. खरी गंमत त्या चिकटण्यातच आहे.

पीळ उलगडावा लागतच नाही. दोन पेड एकमेकांभोवती फिरताना बाहेरून एक रुंद आणि एक अरुंद खाच राहते. रुंद खाचेत अक्षरांच्या जोड्यांच्या कडा उघड्या असतात. ए-टीची कड वेगळी, जी-सीची वेगळी, आणि तीच जोडी उलटी बसली असेल तर तेही कळतं. माझी आजी सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात जुडग्यातली नेमकी किल्ली दात चाचपून काढायची. रिप्रेसर तसंच चाचपतो.

ई. कोलाय जीवाणूत मुक्काम करणाऱ्या लॅम्डा विषाणूचा रिप्रेसर घ्या. 1967 मध्ये हार्वर्डमध्ये मार्क टॅश्नी यांनी तो वेगळा काढला. 236 अमिनो आम्लांची ही साखळी दोन गोळ्यांत घडी पडून बसते, मध्ये लवचीक दुवा. एका गोळ्यात मळसूत्रासारख्या पाच छोट्या कांड्या आहेत. त्यातली तिसरी रुंद खाचेत शिरते आणि तिच्यावरची अमिनो आम्लं अक्षरांच्या कडांशी हायड्रोजन बंध जोडतात. एकट्या रेणूची पकड ढिली असते, म्हणून रिप्रेसर जोडीने येतो. जोडीतल्या दोन कांड्यांमधलं अंतर पिळाच्या एका वेढ्याएवढं, त्यामुळे दोघी डीएनएच्या एकाच बाजूने लागोपाठच्या वेढ्यांत बसतात. ऑपरेटरची जागाही जवळपास 17 अक्षरजोड्यांची, दोन्ही अंगांनी बरीचशी सारखी.

आता नियंत्रण. विषाणूच्या डीएनएवर अशा तीन जागा शेजारी शेजारी आहेत. पहिलीवरची पकड सर्वांत घट्ट. तिथे बसलेली जोडी आपल्या दुसऱ्या गोळ्यांनी शेजारच्या जागेवर आणखी एका जोडीला धरून ठेवते. मग जीवाणूला फोडणारी जनुकं ज्या टोकापासून वाचायला सुरुवात होते, तिथे आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे जनुक वाचणाऱ्या प्रथिनाला, बसायला जागाच उरत नाही. त्याच वेळी दुसऱ्या जागेवरची जोडी पलीकडच्या बाजूच्या पॉलिमरेजला टेकून रिप्रेसरचं स्वतःचं जनुक वाचायला मदत करते. म्हणजे तोच एका बाजूला कुलूप आणि दुसऱ्या बाजूला आधार! फार साठला, की तिसरी जागाही भरते आणि त्याचं स्वतःचं जनुक थांबतं. मला स्वतःला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. एकमेकांना धरून बसण्यामुळेच ही व्यवस्था इतकी ठाम आहे, आणि रिप्रेसर पुरेसा कमी झाला की ती झपाट्याने कोसळते.

ते कोसळणं डोळ्यांनी पाहता येतं. अतिनील किरणांनी जीवाणूचा डीएनए जखमी झाला, की रेकए नावाचं प्रथिन जागं होतं. त्याच्या संगतीत रिप्रेसर दोन गोळ्यांमधल्या दुव्यावर स्वतःच तुटतो. जोडी धरणारा गोळा निखळला, की डीएनएवरची पकडही सुटते, फोडणारी जनुकं चालू होतात आणि जीवाणू फुटतो.

एकदा आम्ही प्रयोगशाळेत लॅम्डा वागवणारे जीवाणू पेट्री डिशमध्ये पातळ थरात ओतून काही सेकंद यूव्ही दिव्याखाली धरले. पुन्हा नळीत भरून नळी काळ्या कागदात गुंडाळली, कारण उजेडात जीवाणू जखम दुरुस्त करून घेतात. मग 37 अंशांवर हलवत ठेवली. सकाळी त्या नळीमागे वहीचं पान धरलं होतं तेव्हा ताकाच्या निवळीतून पाहावं तशा रेघा अंधुक होत्या. जेवणाच्या सुट्टीनंतर कागद सोडला, तर त्याच पानावरचं मुलीचं बारीक अक्षरही वाचता येत होतं.