नवीन वसाहतीत पावसाळी पाण्यासाठी मोठ्या व्यासाचे पाइप टाकले की पुरतं का?

तुमच्या चार हेक्टरच्या नव्या लेआउटसाठी विकासक म्हणतोय, ‘पाइप मोठे टाकतो, पाणी तुंबणार नाही.’ त्यावर विसंबावं का, असं तुम्ही विचारलंय. मी पावसाळी गटारांचे आराखडे करतो, म्हणून स्पष्टच सांगतो : पाइप भरल्यावर पाणी कुठून जाणार हे तो नकाशावर दाखवत नाही, तोवर विसंबू नका.

आधी पाणी किती वाढतं ते बघा. ताशी ६० मिमी पाऊस आणि त्यातलं ३० टक्के पाणी वाहून जातं असं धरलं, तर एवढ्या मोकळ्या माळावरून सेकंदाला सुमारे २०० लिटर पाणी येतं. छपरं, रस्ते, पेव्हर ब्लॉक झाले की ८० टक्के वाहतं, म्हणजे ५३० लिटरच्या आसपास. शिवाय माळावर पाणी गवतातून, खाचखळग्यांतून रेंगाळत येतं. गटारातून ते काही मिनिटांत खाली पोचतं. एरवी जिरून जाणारी पंधरा मिनिटांची सरही मग भारी पडते. मोठा पाइप हेच पाणी आणखी लवकर खालच्या वस्तीच्या दारात नेऊन सोडतो. आणि त्याला पुरेसा उतार नसेल, तर साध्या पावसात पाणी तळाशी संथ वाहतं, वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या खाली गेला की वाळू बसू लागते, आणि मोठा पाइप दोन-तीन पावसाळ्यांत लहान होतो.

म्हणून पाणी आवारातच थोडा वेळ अडवून हळूहळू सोडायला हवं. वरच्या आकड्यांतला फरक सेकंदाला ३३० लिटरचा. तसा पाऊस अर्धा तास टिकला, तर ढोबळमानाने ६०० घनमीटर जागा लागते. हे काम सखल भागातलं खेळाचं मैदानही करू शकतं. नेमका आकार मात्र कमी-जास्त कालावधीच्या पावसांवर तपासूनच ठरवावा.

पाणी अडवणाऱ्या अशा तळ्याचं सगळं यश पाणी बाहेर सोडणाऱ्या त्याच्या तोंडावर असतं. पाणी मापात सुटावं म्हणून तोंड मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, त्यामुळे एक प्लास्टिकची पिशवी ते बुजवू शकते. सपाट जाळी पाहिली की मी आराखडा परत पाठवतो. जाळी तिरकी आणि तोंडापेक्षा बरीच मोठी हवी, म्हणजे कचरा पाण्याबरोबर वर सरकतो आणि खालून वाट मोकळी राहते. तोंडाच्या वर, पण तळ्याच्या काठापेक्षा खालच्या पातळीला, दगडी पिचिंग केलेला, म्हणजे दगड बसवून पक्का केलेला, रुंद सांडवाही हवाच.

आता तो नकाशा. कोणताही पाइप ठरावीक पावसासाठीच असतो. त्याहून मोठा पाऊस कधी ना कधी येतोच. त्या दिवशी रस्त्यानेच पाण्याची वाट व्हायला हवी : रस्ता सर्वांत खाली, जोती त्याहून पुरेशी वर, आणि सलग उतार थेट नाल्यापर्यंत. मध्ये कुंपणाची भिंत आडवी आली की सगळं फसतं. मूळ नाला असेल तर तो वळवू नका, त्यावर स्लॅबही टाकू देऊ नका.

शोषखड्डे जमीन बघूनच. प्रत्यक्ष खोलीवर खड्डा खणा, एकदा भरून जिरू द्या, मग पुन्हा भरून पातळी किती उतरते ते मोजा. चिकणमातीत पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं, तर तो खर्च तळ्यावर करा. भूजल वर असेल तिथेही शोषखड्ड्याच्या नादी लागू नका.

बांधकाम चालू असताना उघड्या मातीचा गाळ थेट गटारात आणि शोषखड्ड्यांत जातो, आणि एकदा बुजलेला शोषखड्डा सहसा नव्यानेच करावा लागतो. शोषखड्डे शेवटी जोडायला सांगा, तोवर गाळ बसायला तात्पुरते खड्डे ठेवा. ताबा घेण्याआधी प्रत्येक चेंबर उघडून पाहा. सांडपाण्याची एकही लाइन पावसाळी गटाराला जोडलेली नसावी. आणि तळ्याचा गाळ दरवर्षी कोण काढणार, कोणाच्या खर्चाने, हे हस्तांतरणाच्या कागदांत लिहून घ्या.