‘ड्रायिंग फिश’: सुकवणं की सुकणारे?

हर्णैहून एका ताईंनी विचारलं आहे: लेकीने निबंधात ‘ड्रायिंग फिश इज हार्ड वर्क’ लिहिलंय. मासे तर पुष्कळ, मग ‘आर’ नको का? आणि ‘-इंग’ लागलं की चालू काळ ना?

ताई, ‘इज’ खोडू नका, लेकीचं बरोबर आहे. इथलं ‘ड्रायिंग’ नाम आहे. इंग्रजीत त्याला जेरंड म्हणतात, आपल्याकडे धातुसाधित नाम. बांगडे चिरून मीठ लावणं, उन्हात मांडणं, दुपारी उलटणं, कावळ्यांपासून राखणं, आभाळ भरून आलं की धावत आत नेणं. कष्टाचं काय आहे? मासे नव्हेत, सुकवणं. आणि सुकवणं एकच, म्हणून ‘इज’.

आता ‘ड्रायिंग फिश अट्रॅक्ट क्रोज’ घ्या. कावळे येतात ते सुकत असलेल्या माशांवर. इथे ‘ड्रायिंग’ हे माशांचं विशेषण, त्यामुळे क्रियापद माशांप्रमाणे अनेकवचनी. चालू काळ दोन्हीकडे नाही. त्यासाठी ‘इज ड्रायिंग’ अशी जोडी लागते.

मराठीत असा घोळ होत नाही, कारण ‘सुकणं’ आणि ‘सुकवणं’ आपण वेगळं बोलतो. इंग्रजीत दोन्हींना ‘ड्राय’च. शिवाय नामाला आपला ‘-णं’, विशेषणाला ‘-णारा’ किंवा ‘-त असलेला’. जुन्या इंग्रजीतही हा भेद होता: नामाला ‘-उंग’ किंवा ‘-इंग’, विशेषणाला ‘-एन्डे’. १२व्या ते १५व्या शतकांदरम्यान ‘-एन्डे’ मागे पडलं आणि सगळा भार ‘-इंग’वर आला. मुलांना हे जरूर सांगावं. इथे अडखळणं म्हणजे इंग्रजी कच्चं असणं नव्हे.

जेरंड नाम झालं तरी आपलं कर्म सोडत नाही. आपलंही तसंच, ‘मासे सुकवणं’ म्हणताना मासे कर्मच राहतात. ‘टायर्ड ऑफ ड्रायिंग फिश’मध्ये ‘ऑफ’पुढे नाम हवं म्हणून ‘-इंग’ येतं. आपण ‘सुकवण्याचा कंटाळा’ म्हणतो, ‘-णं’चं ‘-ण्या’ करून.

लेकीला आणखी एक जोडी द्या. ‘शी स्टॉप्ड ड्रायिंग फिश’ म्हणजे तिने मासे सुकवणं थांबवलं. ‘शी स्टॉप्ड टु ड्राय फिश’ म्हणजे ती मासे सुकवायला थांबली. मालवणकडे याच ‘सुकवायला’ला ‘सुकवूक’ म्हणतील. पहिल्या वाक्यात काम संपलं, दुसऱ्यात ते आत्ता सुरू होणार आहे.